विचार करणं म्हणजे नेमका अंदाज बांधणं? डेव्हिड ममफर्ड, एआय आणि शक्यतेचं गणित

(पॉडकास्टच्या भागाचं शब्दांकन. ऐकताना चालून जातं ते वाचताना अडखळतं, म्हणून काही वाक्यं सरळ केली आहेत. बाकी बोलणं होतं तसंच.)



आज एका अक्षरापासून सुरुवात करू. जुन्या वळणाचा 'ख' कागदावर हाताने काढून बघा. आधी 'र', त्याला लागून 'व'. आता त्याला काना द्या. काय झालं? 'खा' झालं, की 'रवा' झाला? कागदावरची शाई दोन्हीकडे जवळजवळ सारखीच आहे. म्हणूनच छापील 'ख' मध्ये 'र'चा पाय 'व'ला जोडलेला दिसतो. पण हाताने लिहिताना एवढी काळजी कोण घेतं?

गंमत अशी, की आपण वाचताना कधी अडतच नाही. किराणा मालाच्या यादीत 'रवा, अर्धा किलो' असंच वाचतो. झाकून ठेवलेल्या पोह्यांशेजारच्या चिठ्ठीत 'गरम करून खा' असंच वाचतो. यादी वाचताना कुणी 'खा, अर्धा किलो' म्हणत नाही. मग डोळ्यांना दिसलं काय आणि डोक्याने भरलं काय?

मी एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. हाताने भरलेले फॉर्म मशीनकडून वाचून घ्यायचे, असं आमच्या टीमचं काम आहे. त्यामुळे हा प्रश्न मला रोज पडतो, आणि त्याच्यामागे खरी माणसं असतात. एखाद्याच्या आडनावातलं एक अक्षर चुकीचं वाचलं गेलं, की बँकेतलं नाव आणि फॉर्मवरचं नाव जुळत नाही आणि त्याचे पैसे अडकतात. म्हणून आज एका अशा गणितज्ञाबद्दल बोलणार आहे, ज्याने या प्रश्नासाठी आपलं जमलेलं, गाजलेलं क्षेत्र सोडलं. त्यांचं नाव डेव्हिड ममफर्ड.

कोण हे ममफर्ड?

जन्म १९३७, इंग्लंडमध्ये. शिक्षण अमेरिकेत, हार्वर्डला. विषय बैजिक भूमिती, म्हणजे समीकरणांमधून तयार होणाऱ्या आकारांचा अभ्यास. शुद्ध गणितातही अतिशुद्ध म्हणावं असं हे क्षेत्र. १९७४ साली त्यांना फील्ड्स मेडल मिळालं. गणिताला नोबेल नाही, तेव्हा त्या तोडीचा मान म्हणून या पदकाकडे बघितलं जातं.

त्यांचा मुंबईशीही संबंध आहे. १९६७-६८ च्या हिवाळ्यात त्यांनी कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे आपल्या टीआयएफआरमध्ये, व्याख्यानं दिली. सी. पी. रामानुजम या तरुण भारतीय गणितज्ञाने त्यांच्या टिपणांवर काम केलं (रामानुजन नव्हे, रामानुजम, हे वेगळे) आणि त्यातून १९७० साली 'अबेलियन व्हरायटीज' हे पुस्तक निघालं. या विषयात ते आजही प्रमाण मानलं जातं.

असा माणूस १९८०च्या दशकात बैजिक भूमिती बाजूला ठेवतो आणि विचारतो: डोळ्यांवर पडलेल्या प्रकाशाच्या ठिपक्यांतून मेंदूला 'ही खुर्ची', 'हा आंबा', 'ही आई' हे कळतं कसं? पुढे १९९६ मध्ये ते ब्राउन विद्यापीठात उपयोजित गणिताच्या विभागात गेले. तिथे उल्फ ग्रेनांडर आधीपासून 'पॅटर्न थिअरी' म्हणजे आकृतिबंधांचं गणित मांडत होते.

एवढं सगळं सांगायचं कारण म्हणजे ममफर्ड यांचा पुढचा दावा. शुद्ध तर्काच्या घरात वाढलेल्या आणि तिथेच मोठा झालेल्या माणसाने तो केला आहे, त्यामुळे त्याला वजन आहे.

रोममधला दावा

१९९९ साली रोममध्ये, नव्या सहस्रकातल्या गणितावरच्या एका परिषदेत, ममफर्ड यांनी एक भाषण दिलं. त्याच्या लेखाचं शीर्षक मराठीत सांगायचं तर 'यादृच्छिकतेच्या युगाची पहाट'. यादृच्छिक म्हणजे रँडम. फाशाचं दान काय पडेल ते आधी सांगता येत नाही, तसं.

दावा थोडक्यात असा: अॅरिस्टॉटलपासून दोन हजारांहून जास्त वर्षं आपण मानत आलो, की विचार म्हणजे तर्क. हे खरं, ते खरं, म्हणून हेही खरं. पण जग समजून घ्यायला, आणि विशेषतः आपलं डोकं कसं चालतं हे समजून घ्यायला, काटेकोर तर्कापेक्षा शक्यतेचं गणित जास्त उपयोगाचं आहे.

तर्काचं राज्य किती पक्कं होतं बघा. १९५६ च्या सुमाराला एआयची सुरुवात झाली तेव्हा पहिल्या गाजलेल्या प्रोग्रॅमचं नावच होतं 'लॉजिक थिअरिस्ट'. रसेल आणि व्हाइटहेड यांच्या 'प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका' या ग्रंथातल्या एका प्रकरणातल्या पहिल्या ५२ प्रमेयांपैकी ३८ त्याने सिद्ध करून दाखवली. सगळ्यांना वाटलं, झालं! प्रमेयं जमली, आता खुर्ची ओळखणं काय अवघड?

अवघड तेच निघालं. कारण रोजच्या जगात 'जर-तर'चा प्रत्येक नियम अपवादांनी पोखरलेला असतो. काळे ढग आले तर पाऊस पडतो. हो, पण पुण्यात जूनच्या पहिल्या आठवड्यात नुसतेच ढग येतात आणि जातात. मग एक नियम जोडा, त्याचा अपवाद जोडा, अपवादाचा अपवाद जोडा. कोडिंग करणाऱ्या प्रत्येकाने असं 'इफ-एल्स'चं जंगल बघितलंय.

शक्यतेकडे मात्र विचारवंतांनी बराच काळ जुगाऱ्यांचं गणित म्हणूनच बघितलं. पास्कल आणि फर्मा यांचा प्रसिद्ध पत्रव्यवहार १६५४ सालचा, आणि विषय काय, तर अर्धवट सोडलेल्या जुगाराच्या डावातले पैसे कसे वाटायचे! आपल्याकडे महाभारतातल्या नलाच्या गोष्टीतही हे आहे. राजा ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडाच्या दोन फांद्यांवरच्या पानाफळांची संख्या सांगतो, आणि फाशांची विद्याही त्यालाच अवगत असते. बघता बघता संख्येचा अंदाज बांधणं आणि फासे, या दोन गोष्टी एकाच माणसाकडे.

पहिला मोठा धक्का भाषेतून आला. १९७०च्या दशकात आयबीएममध्ये फ्रेडरिक येलिनेक यांच्या गटाने बोललेले शब्द ओळखायला व्याकरणाचे नियम न भरता आकडेवारी वापरली: कुठल्या आवाजानंतर कुठला आवाज, कुठल्या शब्दानंतर कुठला शब्द किती वेळा येतो. त्याचं मूळ अजून मागचं आहे. १९१३ साली आंद्रेई मार्कोव्ह या रशियन गणितज्ञाने पुश्किनच्या 'येवगेनी ओनेगिन'मधली २०,००० अक्षरं हाताने मोजली, स्वरानंतर व्यंजन किती वेळा येतं हे बघायला. आजच्या भाषा-मॉडेलांचे पणजोबा ते हेच!

'खा' की 'रवा': प्रत्यक्ष हिशोब

आता 'ख'कडे परत येऊ आणि थोडी आकडेमोड करू. आकडे मी सोयीसाठी धरलेत, पण पद्धत खरी आहे. थॉमस बेज या इंग्लिश पाद्र्याचा हा विचार. त्याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १७६३ मध्ये छापला गेला.

समजा कागदावर एक आकार आहे, ज्यात 'र' आणि 'व'मध्ये बारीकशी फट दिसते. लिहिणाऱ्याला 'रवा' लिहायचं असेल तर अशी फट दहातून सहा वेळा पडते. 'खा' लिहायचं असेल तर दहातून दोनच वेळा. नुसती शाई बघितली तर 'रवा' तिप्पट पटतं. म्हणजे रवाच म्हणायचं का?

थांबा. हा कागद कुठला आहे?

चिठ्ठी पोह्यांशेजारी असेल तर वाचायच्या आधीच आपल्याला माहीत असतं, की अशा शंभर चिठ्ठ्यांपैकी समजा ९५ मध्ये 'खा' असेल आणि ५ मध्ये 'रवा'. आता गुणाकार करा. 'खा'साठी ९५ गुणिले ०.२, म्हणजे १९. 'रवा'साठी ५ गुणिले ०.६, म्हणजे ३. एकूण २२, त्यात 'खा'चे १९. म्हणजे जवळपास ८६ टक्के 'खा'. शाई 'रवा' म्हणत होती, तरी निकाल 'खा'!

किराण्याच्या यादीत उलट. तिथे 'रवा' ९९, 'खा' १. गुणाकार ५९.४ आणि ०.२. म्हणजे ९९ टक्क्यांहून जास्त 'रवा'.

दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, डोळ्यांनी दिलेला पुरावा आणि डोक्यात आधीपासून असलेला अंदाज, दोन्ही गुणाकारात येतात. दोन, निकाल 'खरं' किंवा 'खोटं' असा येत नाही, ८६ टक्के असा येतो. हा जो आकडा आहे ना, त्याच्याकडे मी शेवटी परत येणार आहे.

ममफर्ड म्हणतात की दृष्टी ही याच पद्धतीने चालते. १९९१-९२ मध्ये त्यांनी मेंदूच्या बाह्यपटलाच्या रचनेवर दोन लेख लिहिले. डोळ्यांकडून माहिती मेंदूच्या खालच्या पातळीवरून वरच्या पातळीकडे जाते, हे माहीत होतंच. पण वरून खाली येणारे तंतूही भरपूर आहेत. ते कशाला? त्यांचं उत्तर असं, की वरची पातळी खाली सांगते, 'मला इथे आंबा असावा असं वाटतंय, जुळतंय का बघ', आणि खालची पातळी न जुळलेलं तेवढं वर कळवते. अशी ये-जा होत चित्र पक्कं होतं. २००३ मध्ये ताई सिंग ली यांच्याबरोबर त्यांनी हीच कल्पना बेजच्या भाषेत अधिक नेमकी मांडली. ली यांच्या प्रयोगात एक मजेशीर गोष्ट दिसली होती. चित्रात नसलेली पण भासणारी रेघ, दृष्टीच्या पहिल्या टप्प्यातल्या पेशींनाही 'दिसते', पण दुसऱ्या टप्प्याला दिसल्यानंतर. म्हणजे अंदाज वरून खाली उतरला असावा, असा त्याचा अर्थ लावता येतो.

भौतिकशास्त्र यात कुठून आलं?

तुम्ही कधी एखादं भाषा-मॉडेल कोडमधून वापरलं असेल तर 'टेम्परेचर' नावाचं एक सेटिंग बघितलं असेल. बऱ्याच जणांना वाटतं हे उगाच ठेवलेलं लाडकं नाव आहे. तसं नाही. ते खरंखुरं भौतिकशास्त्रातलं तापमान आहे, निदान सूत्र तरी तेच आहे.

एकोणिसाव्या शतकात लुडविग बोल्ट्झमन यांनी विचारलं, की वायूमधले अब्जावधी कण वेगवेगळे मोजता येत नाहीत, मग त्यांच्याबद्दल बोलायचं कसं? उत्तर: शक्यतेच्या भाषेत. एखाद्या स्थितीला जितकी जास्त ऊर्जा लागते, तितकी ती सापडण्याची शक्यता झपाट्याने कमी होते. किती झपाट्याने, ते तापमान ठरवतं. थंड असेल तर सगळं कमी ऊर्जेच्या स्थितीत गोळा होतं. गरम असेल तर महागड्या स्थितीही सापडायला लागतात.

आता मॉडेल बघा. 'मी चहा...' याच्यापुढे काय? समजा तापमान १ असताना मॉडेल म्हणतं: 'घेतला' ६० टक्के, 'प्यायला' ३०, 'सांडला' १०. तापमान निम्मं केलं तर प्रत्येक आकड्याचा वर्ग करून पुन्हा शंभरात बसवायचं: साधारण ७८, २० आणि २. तापमान दुप्पट केलं तर वर्गमूळ: साधारण ४७, ३३ आणि १९. म्हणजे थंड मॉडेल ठरलेलंच बोलतं, गरम मॉडेल चहा सांडायला लागतं! बोल्ट्झमन यांचंच सूत्र, फक्त ऊर्जेच्या जागी शब्दाला मिळालेला गुण, आणि तोही उलट्या चिन्हाने.

हा पूल अचानक बांधला गेला नाही. १९८४ मध्ये स्टुअर्ट आणि डोनाल्ड गेमन या भावांनी खराब झालेले फोटो दुरुस्त करायला चुंबकाचं गणित वापरलं. चुंबकात शेजारच्या अणूंचा कल एकाच दिशेला राहण्याकडे असतो, तसा फोटोत शेजारच्या ठिपक्यांचा रंग सारखा असण्याकडे कल असतो. १९८५ मध्ये 'बोल्ट्झमन मशीन' नावाचं न्यूरल नेटवर्क आलं. त्यामागच्या मंडळींपैकी जेफ्री हिंटन यांना २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल जॉन हॉपफिल्ड यांच्याबरोबर मिळालं. तेव्हा पुष्कळांनी विचारलं, एआयला भौतिकशास्त्राचं नोबेल कसं काय? उत्तर या सूत्रात आहे.

ममफर्ड यांचं १९८९ मधलं गाजलेलं काम याच जातीचं. जयंत शाह यांच्याबरोबर केलेलं, म्हणून 'ममफर्ड-शाह'. ताटातल्या आंब्याचा फोटो आहे, त्यात आंबा कुठे संपतो आणि ताट कुठे सुरू होतं हे मशीनने कसं ठरवायचं? त्यांनी प्रत्येक शक्य उत्तराला एक किंमत लावली. मूळ फोटोपासून फार लांब गेलात, दंड. एकाच वस्तूच्या आत रंग उगाच उड्या मारतोय, दंड. वस्तूंच्या कडा गरजेपेक्षा लांबलचक काढल्या, दंड. तिन्हींची बेरीज सगळ्यात कमी असेल ते उत्तर. आता या किमतीला 'ऊर्जा' म्हणा, की झालं भौतिकशास्त्र. 'कमी किंमत म्हणजे जास्त शक्यता' म्हणा, की झाला बेज. बिल एकच, तीन विषयांच्या नावाने फाडलेलं!

दोन बाण आणि गणिताचा पाया

इथवर ठीक आहे. पण ममफर्ड याच्याही पुढे जातात. ते म्हणतात, शक्यता ही गणिताच्या पायातच घालायला हवी. आज शक्यतेचं गणित संचांवर उभं आहे: आधी संच, मग त्यांची मापं, मग शक्यता. त्यांचं म्हणणं, यादृच्छिक संख्या हीच मूळ कल्पना माना.

त्यासाठी ते ख्रिस फ्रायलिंग यांचा १९८६ मधला एक युक्तिवाद पुढे करतात. जरा सावकाश ऐका. ० ते १ या रेषेवर दोन बाण मारायचे, एकमेकांशी संबंध नसलेले. संचांच्या जगातलं 'सातत्याचं गृहीतक' खरं मानलं, तर या रेषेवरच्या सगळ्या संख्या अशा विचित्र रांगेत लावता येतात, की कुठल्याही संख्येच्या पुढे उभ्या असलेल्या संख्या एक, दोन, तीन अशा मोजत जाता येतील इतक्याच असतात. अशा मोजता येणाऱ्या संख्यांवर बाण लागण्याची शक्यता शून्य. मग पहिला बाण लागल्यावर, दुसरा बाण रांगेत त्याच्या पुढच्या संख्येवर लागेल का? शक्यता शून्य. आणि उलट बघितलं तर, पहिला बाण दुसऱ्याच्या पुढे असेल का? तीही शून्य. पण रांगेत दोघांपैकी कुणीतरी पुढे असणारच! म्हणजे गृहीतकच चुकलं.

बहुतेक गणितज्ञ याला सिद्धता मानत नाहीत. त्यांचा आक्षेप असा, की 'पुढे असलेल्या जोड्या' या संचाचं मापच ठरवता येत नाही, मग शक्यता कशाची काढताय? आक्षेप नियमाला धरून आहे. पण ममफर्ड विचारतात, बाण मारण्याची कल्पना इतकी साधी असताना ती नियमात बसत नसेल, तर बदलायचं काय? कल्पना की नियम? मला यात त्यांची बाजू पूर्ण पटत नाही. पण फील्ड्स मेडल मिळालेला माणूस पायाचा दगड हलवून बघतो, यातून त्यांना ही गोष्ट किती खरी वाटते ते दिसतं.

मग आजच्या एआयने त्यांना बरोबर ठरवलं का?

वरवर बघता, हो. आजची भाषा-मॉडेल्स प्रत्येक पावलाला पुढच्या तुकड्याची शक्यता काढतात. नियमांचं जंगल हरलं, आकडेवारी जिंकली. पण तीन गोष्टी वेगळ्या काढायला हव्यात.

पहिली: शब्दाची शक्यता आणि जगातल्या गोष्टीची शक्यता एक नव्हे. मॉडेल 'या वाक्यानंतर हा शब्द येण्याची शक्यता ९० टक्के' म्हणतं, तेव्हा ते लोक कसं लिहितात त्याबद्दल बोलतंय. गोष्ट ९० टक्के खरी आहे, असं ते म्हणत नाही. बऱ्याचदा दोन्ही जुळतात. जुळत नाहीत तेव्हा आपण म्हणतो, एआयने थाप मारली.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. शक्यता सांगणाऱ्याची परीक्षा कशी घ्यायची? हवामानवाल्याने ज्या शंभर दिवशी 'पावसाची शक्यता ७० टक्के' सांगितलं, त्यातल्या सुमारे ७० दिवशी पाऊस पडला, तर त्याची खात्री नेमकी आहे. २०२३ मध्ये ओपनएआयने जीपीटी-४ वरच्या आपल्या अहवालात दाखवलं, की नुसतं मजकुरावर शिकलेलं मूळ मॉडेल पर्यायांच्या प्रश्नांवर या परीक्षेत चांगलं उतरत होतं. नंतर माणसांना आवडेल असं बोलायला शिकवल्यावर हा नेमकेपणा घटला. म्हणजे अंदाजाचा प्रामाणिकपणा आत होता, पण बोलणं गोड करताना तो कमी झाला. ठाम बोलणारा आपल्याला आवडतो. 'मला ६० टक्केच वाटतंय' म्हणणारा डळमळीत वाटतो. हा दोष मशीनचा, की आपल्या आवडीचा?

तिसरी: तर्क मेलेला नाही. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडचे सहापैकी चार प्रश्न गूगल डीपमाइंडच्या प्रणालींनी सोडवले. त्यातल्या अल्फाप्रूफची रचना बघा. पुढची पायरी कुठली असावी याचा अंदाज न्यूरल नेटवर्क करतं, आणि प्रत्येक पायरी बरोबर आहे का हे 'लीन' नावाचा काटेकोर तर्काचा प्रोग्रॅम तपासतो. सुचवायचं काम अंदाजाचं, तपासायचं काम तर्काचं. अॅरिस्टॉटल घरी गेला नाही, त्याला फक्त दुसऱ्या टेबलावर बसवलंय.

म्हणून ममफर्ड यांचं म्हणणं मी असं घेते: विचाराचा कच्चा माल म्हणजे खात्रीचं प्रमाण. जिथे तपासनीस मिळतो, गणितात, कोडच्या टेस्टमध्ये, तिथे कितीही धाडसी अंदाज करा, चुकला तर पकडला जाईल. पण पोह्यांशेजारच्या चिठ्ठीला 'लीन' नाही. फॉर्मवरच्या आडनावाला नाही. डॉक्टरांकडच्या एक्स-रेला नाही. तिथे आपल्या हातात फक्त तो आकडा असतो. ८६ टक्के.

आणि बघा आपण त्या आकड्याचं काय करतो. फॉर्म वाचणाऱ्या मॉडेलच्या आत तो असतो. मग सगळ्यात वरचं उत्तर उचललं जातं आणि डेटाबेसमध्ये जातं. तिथे नावाला कॉलम आहे, गावाला कॉलम आहे, रकमेला कॉलम आहे. 'किती खात्री' याला कॉलमच नाही! पुढच्या टेबलावर बसलेल्या माणसाला ८६ टक्क्यांचं नाव आणि ९९.९ टक्क्यांचं नाव अगदी एकसारखं दिसतं, दोन्ही ठसठशीत टाइपात. त्यातल्या दर सात नावांमागे एखादं कुणाचं तरी चुकणार आहे. पैसे अडकलेल्या माणसाला फोनवर सांगितलं जातं, 'सिस्टिममध्ये असंच दिसतंय.'

हे थांबवायला फील्ड्स मेडल लागत नाही. एक जास्तीचा कॉलम लागतो, आणि एक ठराव, की इतक्या टक्क्यांच्या खाली असेल तर माणूस बघेल. तो आकडा किती ठेवायचा, हे गणित सांगणार नाही. ते चुकीची किंमत कोण भरतं यावर ठरेल. रव्याच्या जागी काही भलतं आलं तर शिऱ्याचा बेत रद्द, एवढंच. आडनाव चुकलं तर कुणाचा तरी महिना अडतो. दोन्हीकडे एकच मर्यादा लावणं मला बरोबर वाटत नाही, आणि आमच्या टीममध्ये सध्या मी हेच मांडतेय.

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या कामात, बँकेत, दवाखान्यात, शाळेच्या निकालात, हा 'किती खात्री'चा कॉलम कुठे गळून पडतो ते नक्की कळवा. चांगली उदाहरणं आली तर त्यावर एक वेगळा भाग करू. आणि पुढच्या वेळी कुणी एकदम ठामपणे काही सांगितलं, माणसाने किंवा मशीनने, तर शांतपणे एवढंच विचारा: किती टक्के?

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!